चित्रकारासाठी रिफर्बिश्ड लॅपटॉप: आधी स्क्रीन, मग बाकी सारे

प्रश्न: मी कोल्हापुरात राहते. गेली सहा वर्षे मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे आणि मुखपृष्ठे करते, शिवाय दरवर्षी दोन-तीन दिवाळी अंकांची मांडणीही माझ्याकडे असते. अलीकडे प्रकाशक पुस्तकाच्या प्रसिद्धीसाठी मिनिटभराचे व्हिडिओही मागू लागले आहेत. माझ्या लॅपटॉपमध्ये चार जीबी मेमरी आहे आणि मोठी फाइल सेव्ह करायला दिली की तो बराच वेळ गोठून जातो. चित्र काढण्याचा पेन टॅबलेट माझ्याकडे आहे. काम बहुतेक घरच्या टेबलावर चालते, मात्र महिन्यातून एकदा पुण्याला प्रकाशकांकडे लॅपटॉप न्यावा लागतो. मजकूर कधी युनिकोडमध्ये येतो, कधी श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये. मी ४५,००० रुपये बाजूला काढले आहेत आणि रिफर्बिश्ड लॅपटॉप घ्यावा असे मनात आहे. तीन पर्याय समोर आहेत. गावातील दुकानदार सातव्या पिढीचा आय-७, १६ जीबी मेमरीचा लॅपटॉप २६,००० रुपयांना, ‘डिझाइनची सगळी सॉफ्टवेअर टाकून’ देतो आहे. ऑनलाइन ८ जीबीचा, ॲपलच्या एम-१ चिपचा मॅकबुक एअर ४३,००० रुपयांना दिसतो. पुण्यातील मावसभावाच्या ओळखीने एका कंपनीतून निघालेला, वेगळे ग्राफिक्स कार्ड असलेला डेल प्रिसिजन ५५३० हा १६ जीबीचा लॅपटॉप ४४,००० रुपयांना मिळतो आहे. आई म्हणते, पोटापाण्याच्या कामासाठी दुसऱ्याने वापरून टाकलेली वस्तू घेऊ नये. काय करू?
— एक चित्रकार, कोल्हापूर

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमच्या तिन्ही पर्यायांच्या वर्णनात प्रोसेसर आहे, मेमरी आहे, ग्राफिक्स कार्ड आहे. परंतु ज्या एका भागाकडे पाहत तुम्ही दिवसाचे आठ-आठ तास रंग ठरवणार आहात, त्या स्क्रीनविषयी एकाही विक्रेत्याने अवाक्षर काढलेले नाही. हिशेबनीस, वकील किंवा शिक्षक यांच्यासाठी ही उणीव फारशी महत्त्वाची नाही. तुमच्यासाठी मात्र ती निर्णायक आहे आणि माझे बरेचसे उत्तर तिच्याभोवतीच फिरणार आहे.

त्याआधी आईंच्या शंकेचे उत्तर देतो, कारण ती रास्त आहे. ‘वापरलेला’ आणि ‘रिफर्बिश्ड’ हे दोन शब्द बाजारात सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जात असले, तरी त्यांचा अर्थ एक नव्हे. मोठ्या कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांसाठी शेकड्यांनी लॅपटॉप घेतात किंवा भाड्याने आणतात आणि साधारण तीन-चार वर्षांनी, यंत्र बिघडले म्हणून नव्हे तर करार किंवा वॉरंटी संपली म्हणून, ते लॉटने विकून टाकतात. डेलची लॅटिट्यूड, लेनोव्होची थिंकपॅड आणि एचपीची एलिटबुक ही मालिका अशा कार्यालयांसाठीच बांधलेली असते. तिचे बिजागर दणकट असतात, मागचे झाकण साध्या स्क्रू-ड्रायव्हरने उघडते आणि सुटे भाग अनेक वर्षे मिळत राहतात. असे यंत्र साफ करून, खराब भाग बदलून, तपासून आणि लेखी हमी देऊन विकले, तर ते रिफर्बिश्ड. नुसते पुसून आणि पिशवीत घालून दिले, तर ते वापरलेले, मग दुकानदार त्याला काहीही म्हणो. ‘ए ग्रेड’, ‘बी ग्रेड’ ही अक्षरे विक्रेता स्वतः देतो आणि ती बहुधा बाहेरच्या ओरखड्यांपुरतीच असतात. म्हणून आईंना सांगा, की वस्तू दुसऱ्याने वापरलेली आहे हे खरे, परंतु नीट पारखून घेतलेले चार वर्षांचे कार्यालयीन यंत्र हे त्याच किमतीच्या नव्या, हलक्या प्लास्टिकच्या यंत्रापेक्षा तुमच्या कामाला अधिक टिकाऊ साथ देईल, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता स्क्रीनकडे वळू. या कार्यालयीन लॅपटॉपची एक मोठी उणीव अशी, की त्यांतील बहुसंख्य यंत्रांना पत्रे आणि तक्ते वाचण्यापुरतीच स्क्रीन बसवलेली असते. संगणकावरील रंगांसाठी एसआरजीबी नावाचे प्रमाण १९९६ पासून प्रचलित आहे आणि सर्वसाधारण चित्रकामासाठी स्क्रीनने हे प्रमाण जवळजवळ पूर्ण दाखवावे, एवढी आपली किमान अपेक्षा असायला हवी. कार्यालयीन लॅपटॉपच्या माहितीपत्रकात मात्र अनेकदा ‘४५ टक्के एनटीएससी’ असे लिहिलेले आढळते. एनटीएससी हे जुने आणि मोठे माप आहे. त्यातील ७२ टक्के म्हणजे ढोबळमानाने पूर्ण एसआरजीबी. तेव्हा ४५ टक्क्यांची स्क्रीन म्हणजे एसआरजीबीच्या जेमतेम तीन-पंचमांश रंग दाखवणारी स्क्रीन होय. ती सर्वांत आधी कमी पडते ती लाल, केशरी आणि गर्द हिरव्या रंगांत, म्हणजे नेमक्या त्याच रंगांत, ज्यांच्यावाचून आपल्याकडचे दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ पुरे होत नाही.

याचा परिणाम मी स्वतः अनुभवला आहे. छपाईपूर्व कामे करत असताना एका मुखपृष्ठावर झेंडूची तोरणे होती. माझ्या त्या वेळच्या स्क्रीनवर केशरी रंग मातकट दिसत होता, म्हणून मी तो चढवत गेलो, त्याच्या छटा उजळवत गेलो, आणि अखेर स्क्रीनवर तो मनासारखा झाला तेव्हा फाइलमध्ये तो एवढा भडक झाला होता, की छापून आल्यावर पाकळ्यांची घडण पार बुजून गेली आणि सगळे तोरण एकसलग शेंदरी पट्ट्यासारखे दिसू लागले. हजार प्रती छापून झाल्या होत्या. चूक मुद्रकाची नव्हती आणि माझ्या डोळ्यांचीही नव्हती. डोळ्यांना खोटी साक्ष देणारी स्क्रीन माझ्यापुढे होती. कमकुवत स्क्रीन चित्र नुसते फिके दाखवत नाही, ती चित्रकाराकडून चुकीची दुरुस्ती करवून घेते, आणि हे नुकसान प्रोसेसर कितीही वेगवान असला तरी भरून निघत नाही.

या दृष्टीने तुमचे पर्याय तपासू. पहिला पर्याय मी निःसंकोचपणे बाद करतो. इंटेलच्या क्रमांकातील सुरुवातीचा आकडा पिढी सांगतो: ७६०० म्हणजे सातवी पिढी, ८३५० म्हणजे आठवी, ११३५ म्हणजे अकरावी. शेवटचे ‘यू’ हे अक्षर कमी वीज खाणाऱ्या चिपचे आणि ‘एच’ हे अधिक ताकदीच्या चिपचे. ‘आय-७’ हे नाव ऐकून माणूस भुलतो, पण सातव्या पिढीच्या ‘यू’ वर्गातील आय-७ मध्ये दोनच कोअर (प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे काम करणारे भाग) असतात, तर त्याच्या पुढच्याच वर्षीच्या आठव्या पिढीतील ‘यू’ वर्गाच्या आय-५ मध्ये चार. दुसरी अडचण त्याहून गंभीर आहे. विंडोज १० चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवला आणि विंडोज ११ साठी मान्य प्रोसेसरांच्या यादीत, मोजके अपवाद सोडले, तर सातवी पिढी नाही. आडमार्गाने विंडोज ११ बसवून देणारे दुकानदार आहेत, पण पुढच्या सुधारणा तशा यंत्रावर सुरळीत मिळतीलच याची हमी कोणी देत नाही. ज्या यंत्रावर प्रकाशकांच्या अप्रकाशित संहिता राहणार आहेत, ते असे अधांतरी ठेवू नये.

‘सगळी सॉफ्टवेअर टाकून’ या आमिषाविषयीही दोन वाक्ये कळकळीने लिहितो. ही जवळजवळ नेहमीच चोरीची सॉफ्टवेअर असतात. त्यांचे कुलूप तोडण्यासाठी जो छोटा प्रोग्रॅम चालवला जातो तो बहुधा अँटिव्हायरस बंद करूनच चालतो, आणि त्याच्या पोटात काय दडलेले आहे हे दुकानदारालाही ठाऊक नसते. लॅपटॉप कुठलाही घ्या, विक्रेत्याला सांगून विंडोजची कोरी प्रत नव्याने बसवून घ्या. कार्यालयीन लॅपटॉप मुळात विंडोजच्या परवान्यासह विकले गेलेले असतील, तर तो परवाना मदरबोर्डवरच नोंदलेला असतो आणि त्याच प्रकारची (होम किंवा प्रो) कोरी प्रत इंटरनेटला जोडताच आपोआप अधिकृत होते. तसे झाले नाही, तर मदरबोर्ड बदललेला आहे का, हे विचारा. सॉफ्टवेअरचे भाडे परवडत नसेल तर चित्रांसाठी क्रिता, रेखाकृतींसाठी इंकस्केप, मांडणीसाठी स्क्रायबस आणि छोट्या व्हिडिओंसाठी केडेनलाइव्ह ही विनामूल्य आणि कायदेशीर साधने आहेत. दिवाळी अंकासारख्या मोठ्या मांडणीत हात बसायला वेळ लागेल, हे मान्य करूनही मी ती सुचवतो.

मॅकबुक एअरचा मोह मला समजतो. २०२० च्या नोव्हेंबरात आलेले हे यंत्र आजही वेगवान आहे, त्यात पंखा नसल्याने ते निःशब्द चालते आणि त्याची स्क्रीन तुमच्या तीन पर्यायांत खात्रीने उत्तम म्हणता येईल अशी एकमेव आहे: एसआरजीबीहून व्यापक रंगपट्टा आणि भरपूर उजेड. तुम्ही केवळ चित्रे काढत असता आणि तेच यंत्र १६ जीबीचे असते, तर मी तुम्हाला तेच घ्या म्हटले असते. परंतु ८ जीबीचे गणित तुमच्या कामाशी जुळत नाही. ए-४ आकाराचे चित्र ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल होते, म्हणजे सुमारे ८७ लाख पिक्सेल. छपाईच्या चार शाईंच्या सीएमवायके पद्धतीत प्रत्येक पिक्सेलला चार बाइट धरले, तर पूर्ण भरलेला एक लेयर, म्हणजे चित्राचा एक थर, जवळपास ३५ एमबी जागा घेतो आणि असे तीस लेयर झाले की आकडा एक जीबीच्या पुढे जातो. मुखपृष्ठ, कणा आणि मलपृष्ठ एकाच फाइलमध्ये असतील तर दुप्पट. त्यात ‘अनडू’साठी जपून ठेवलेल्या अवस्था, शेजारी उघडा ब्राउझर आणि मांडणीचे सॉफ्टवेअर मिळवा. एम-१ मॅकमध्ये मेमरी प्रोसेसरच्याच संपुटात बसवलेली असल्याने ती पुढे कधीही वाढवता येत नाही, आणि साठवणही मदरबोर्डवर पक्की जडवलेली असते. शिवाय तुमच्याकडे श्रीलिपीतील मजकूर येतो. विंडोजवर बसवलेली तुमची जुनी फाँट-व्यवस्था, कन्व्हर्टर आणि वर्षानुवर्षांच्या फाइली मॅकवर जशाच्या तशा चालतील असे गृहीत धरू नका. ऐन अंकाच्या धांदलीत जोडाक्षरे फुटलेली पाने पाहण्याचा प्रसंग तुमच्यावर येऊ नये.

तिसरा पर्याय, प्रिसिजन ५५३०, हा तिन्हींत अधिक विचार करण्याजोगा आहे. आठव्या पिढीतील ‘एच’ वर्गाचा प्रोसेसर, मेमरीचे दोन स्लॉट आणि, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पूर्ण एसआरजीबी किंवा ४के आकारात पूर्ण ॲडोबी आरजीबी (एसआरजीबीहून व्यापक रंगप्रमाण) दाखवणाऱ्या स्क्रीनचे पर्याय ही त्याची जमेची बाजू. (४के स्क्रीन असेल तर एक सावधगिरी: इतका व्यापक रंगपट्टा रंगव्यवस्थापन न पाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये साध्या चित्रालाही अवाजवी भडक दाखवतो, तेव्हा रंगाचा निवाडा ब्राउझरमध्ये किंवा साध्या चित्रदर्शकात करू नये.) पण हे २०१८ चे, पातळ आणि तापणारे यंत्र आहे. अशा पातळ यंत्रांत टचपॅडखाली असलेली बॅटरी वयानुसार फुगण्याच्या तक्रारी सर्वश्रुत आहेत. यंत्र सपाट टेबलावर ठेवून चारही पाय टेकतात का, झाकण बंद करताना मध्ये फट राहते का आणि टचपॅड एका कडेने उचलला गेला आहे का, हे पाहिल्यावाचून पुढे जाऊ नये. आणि तुमचे काम मुख्यतः चित्रे आणि मांडणीचे असल्याने, ज्या ग्राफिक्स कार्डासाठी तुम्ही जास्तीचे पैसे मोजणार आहात, ते बराच काळ स्वस्थ बसून राहील. पूर्ण रक्कम एका आठ वर्षांच्या आसपास पोहोचलेल्या यंत्रात घालून हाताशी काहीच न ठेवणे मला बरे वाटत नाही.

म्हणून मी तुमच्या यादीबाहेरचा चौथा मार्ग सुचवतो. तुम्ही बहुतेक वेळ टेबलावरच काम करता, हे तुमच्या पत्रातील सर्वांत उपयोगी वाक्य आहे. तेव्हा लॅपटॉपच्या स्क्रीनकडून उत्तम रंगांची अपेक्षाच सोडा. दहाव्या किंवा अकराव्या पिढीचा, निदान आठव्या पिढीचा, मेमरीचे दोन स्लॉट असलेला कार्यालयीन लॅपटॉप तीस हजारांच्या मर्यादेत बघा आणि त्याच्या जोडीला २४ इंची, आयपीएस प्रकारची (बाजूने पाहिले तरी रंग फारसे न बदलणारी) आणि ९९ टक्के एसआरजीबी असे माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेली नवी स्क्रीन घ्या, जी सध्या साधारण दहा ते तेरा हजारांत मिळते. डेल लॅटिट्यूड ५४०० किंवा ५४२० ही माझ्या मते तुमच्यासाठी योग्य उदाहरणे आहेत. थिंकपॅड टी-४८० जुना असला तरी अजून चालतो, मात्र त्यानंतरच्या टी-४९० मध्ये मेमरीचा एक भाग मदरबोर्डवर जडवलेला आणि स्लॉट एकच, हे लक्षात असू द्या. लॅपटॉप पुढे चार वर्षांनी बदलला तरी बाहेरची स्क्रीन तुमच्याकडे राहील, आणि पाठ वाकवून चौदा इंचांत मुखपृष्ठ न्याहाळण्याचे कष्टही वाचतील. पुण्याला जाताना लॅपटॉप न्याच, पण रंगांचा निर्णय त्यावर होऊ देऊ नका. रंगांसाठी छापील प्रूफ सोबत ठेवा. ज्यांना रोज प्रवासात काम करावे लागते त्यांना मी हा सल्ला दिला नसता.

मेमरी १६ जीबी आधीपासून बसवलेलीच घ्या. पूर्वी मी ‘आठ घ्या, पुढे वाढवू’ असे सांगत असे. परंतु २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव फार चढले आहेत, आणि आज स्वस्त पडलेले यंत्र उद्या मेमरी घालताना महाग पडेल. दुकानदाराने ८ जीबीच्या दोन पट्ट्या बसवल्या असतील तर त्या एकच १६ जीबीच्या पट्टीपेक्षा वेगाला बऱ्या, कारण दोन्ही स्लॉट एकत्र काम करतात आणि स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या यंत्राला त्याचा विशेष लाभ होतो. मिनिटभराच्या व्हिडिओंसाठी एवढे यंत्र पुरेसे आहे. मोबाइलवरील ४के चित्रण असेल तर संपादनाच्या वेळी त्याच्या हलक्या प्रॉक्सी प्रती, म्हणजे कमी आकाराच्या तात्पुरत्या प्रती, वापरा.

दुकानात मात्र घाईने जाऊ नका. आठवड्यातील एखादी निवांत सकाळ निवडा आणि सोबत दोन गोष्टी न्या: तुम्ही केलेल्या आणि छापून आलेल्या एखाद्या मुखपृष्ठाची प्रत, आणि पेन ड्राइव्हवर त्याच मुखपृष्ठाची छपाईला दिलेली शेवटची पीडीएफ. जी स्क्रीन घ्यायची असेल तिच्यावर ती पीडीएफ उघडून, खिडकीजवळच्या उजेडात छापील प्रत शेजारी धरा. कागद आणि काच कधीच तंतोतंत जुळत नाहीत, पण तुमचा शेंदरी विटकरी दिसतो आहे की हळदीचा पिवळा लिंबाकडे झुकतो आहे, हे तुमच्या सरावलेल्या डोळ्यांना क्षणात कळेल. कुठल्याही दुकानदाराच्या शब्दापेक्षा मी या चाचणीवर अधिक विश्वास ठेवतो. त्यानंतर पूर्ण स्क्रीनभर पांढरा, मग राखाडी, मग काळा रंग आणून डाग, दाबाचे व्रण आणि कडेने झिरपणारा उजेड बघा. बाजूला सरकून पाहिल्यावर रंग उलटेपालटे होत असतील तर ती जुन्या टीएन प्रकारची स्क्रीन आहे. लॅपटॉपवरही ती नको.

लॅपटॉपच्या अंतरंगाची तपासणी अर्ध्या तासात होते. विंडोजच्या कमांड खिडकीत ‘पॉवरसीएफजी’ आणि पुढे ‘/बॅटरीरिपोर्ट’ ही आज्ञा इंग्रजीत टाइप केली, की बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची पूर्ण क्षमता दोन्ही दाखवणारा अहवाल तयार होतो. आजची क्षमता मूळ क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास असेल तर ठीक; सत्तरच्या खाली असेल तर बॅटरी बदलून मागा किंवा किंमत कमी करून घ्या. क्रिस्टलडिस्कइन्फो या विनामूल्य साधनाने एसएसडीची, म्हणजे लॅपटॉपमधील साठवणीची, प्रकृती आणि ती एकूण किती तास चालली ते दिसते. इथे एक गोष्ट विशेष पाहा: मूळ चांगली एसएसडी काढून तिच्या जागी नाव-गाव नसलेली स्वस्त एसएसडी बसवण्याची प्रथा या धंद्यात आहे. शंका आली तर थोडे पैसे अधिक देऊन नामांकित कंपनीची एसएसडी लावून घ्या, कारण प्रोसेसर सहसा दगा देत नाही, साठवण देते. चार्जरही पारखा. डेलचे लॅपटॉप अनोळखी चार्जर ओळखतात, सुरू होतानाच तसा इशारा देतात, बॅटरी चार्ज करणे थांबवतात आणि प्रोसेसरचा वेगही उतरवतात. ‘लॅपटॉप हळू चालतो’ अशा कित्येक तक्रारींचे मूळ एवढेच असते.

आणखी एक चाचणी बहुतेक ग्राहक करतच नाहीत, ती तुम्ही आग्रहाने करा. कंपन्यांचे लॅपटॉप त्यांच्या दूरस्थ व्यवस्थापनात नोंदलेले असतात. ती नोंद विकताना काढली गेली नसेल, तर विंडोज नव्याने बसवून यंत्र इंटरनेटला जोडताच ते जुन्या कंपनीचा लॉगिन मागते आणि तिथेच अडून बसते. म्हणून विंडोजची कोरी प्रत बसवल्यानंतरची पहिली जुळणी (सेटअप) तुमच्या डोळ्यांसमोर, इंटरनेट जोडून, पूर्ण करायला लावा. मोबाइलचे हॉटस्पॉट त्यासाठी पुरेल. सुरू होताना डेलवर एफ-२ (थिंकपॅडवर एफ-१) दाबून बायोसमध्येही, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंगमध्येही, शिरा आणि तिथे पासवर्ड नाही याची खात्री करा. मावसभावाने आणलेल्या प्रिसिजनचाच आग्रह झाला, तर कंपनीचे विक्रीपत्र मागायला संकोच करू नका. नात्यातील व्यवहार म्हणून कागद टाळले जातात आणि पुढे तेच नात्याला जड जाते.

बिल पक्केच घ्या आणि त्यावर यंत्राचा सिरियल क्रमांक, मेमरी, एसएसडी आणि वॉरंटीचा कालावधी लिहून घ्या. सिरियल क्रमांक, किंवा डेलचा सर्व्हिस टॅग, उत्पादकाच्या संकेतस्थळावर टाकून यंत्राचे मॉडेल आणि मूळ वॉरंटीच्या तारखा बिलाशी पडताळा. ‘टेस्टिंग वॉरंटी’ म्हणजे थोड्या दिवसांत दोष आढळल्यास बदलून देणे. ती आणि सहा महिन्यांची दुरुस्तीची हमी या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बॅटरी कोणत्या हमीत बसते हे स्पष्ट विचारा. चार-पाचशे रुपये वाचवण्यासाठी कच्च्या बिलावर राजी होऊ नका. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ व्यापारी हेतूने केलेली खरेदी वगळतो, परंतु स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू वगळत नाही. त्यामुळे तुम्ही चित्रकामासाठी लॅपटॉप घेतला तरी कायद्याने ग्राहकच राहता. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी त्याचे शुल्क नाही. या सगळ्याला आधार बिलाचाच असतो. याच कारणासाठी, भाव सारखा असेल तर, मी ऑनलाइनपेक्षा कोल्हापुरातील किंवा फार तर पुण्यातील असे दुकान पसंत करीन, जिथे तुम्ही स्वतः यंत्र घेऊन परत जाऊ शकता.

राहता राहिले उरलेले दोन-अडीच हजार. ते बॅगेवर किंवा माऊसवर घालू नका. त्यात आणखी थोडी भर घालून एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या आणि दर शनिवारी सगळ्या कामाची प्रत तिच्यावर उतरवा. आणि शक्य असेल तर ही खरेदी दिवाळी अंकांची कामे सुरू होण्याआधी, मे महिन्यातच उरका, म्हणजे टेस्टिंग वॉरंटीच्या दिवसांत एखादे जुने, तीस-चाळीस लेयरचे मुखपृष्ठ आणि पन्नास पानांची एक मांडणी या यंत्रावर पुन्हा उघडून, बदलून, पीडीएफ काढून बघता येईल. पंखा किती ओरडतो, श्रीलिपीचा मजकूर कसा उमटतो, पेन टॅबलेटची रेघ अडखळते का, हे तेव्हाच कळेल. सध्याचा लॅपटॉप नव्या यंत्रावरचे पहिले मुखपृष्ठ छापून हातात येईपर्यंत विकू नका.